गाळाचं विरजण

आजचा विषय ऐकल्यावर काहीजणी रेडिओचा कान पिळून गाणी लावतील, हे आम्हाला ठाऊक आहे. विषय मैल्याचा आहे. शहरातल्या लाखो घरांतून संडासाचं, मोरीचं, धुण्याभांड्याचं पाणी वाहून जातं. ते पुन्हा निवळ कसं करतात आणि ही युक्ती माणसाच्या हाती कशी लागली, याचा हा इतिहास. जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या, मग ऐका. पण ऐका जरूर. या गोष्टीत दही आहे, मीठ आहे, तान्ह्या बाळाच्या लंगोट्या आहेत.

हा विषय घ्यायचं कारणही सांगतो. गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगाव घराघरात संडास आले. बऱ्याच जणांनी मागच्या अंगाला सेप्टिक टाकी बांधली. आता त्या टाक्या भरायला लागल्यात आणि बचत गटाच्या बैठकीत कुजबुज सुरू झालीय, की टाकी उपसायला माणूस कुठून आणायचा, तो पैसे किती घेतो, शेजारच्या गावात कोण उतरतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही मागे मागे जात राहिलो आणि थेट लंडनला पोचलो.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं लंडन म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात घाणेरडं शहर. घराखाली किंवा अंगणात मैल्याचा खड्डा असायचा. खड्डा भरला की रात्री माणसं येऊन तो बादल्यांनी उपसायची आणि गाड्यांतून बाहेर न्यायची. १८५४ च्या उन्हाळ्याअखेर ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत कॉलऱ्याची मोठी लागण झाली. थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हा डॉक्टरांना वाटायचं, कॉलरा वाईट हवेतून येतो, दुर्गंधीतून येतो. जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टरने घरोघर हिंडून चौकशी केली आणि दाखवून दिलं, की मेलेली बहुतेक माणसं एकाच हातपंपाचं पाणी प्यायली होती. पंपाचा दांडा काढून टाकला गेला.

मुळाचा शोध नंतर लागला, तो त्या भागातल्या एका तरुण पाद्र्याने लावला. पंपासमोरच्या घरात एक तान्हं मूल जुलाबाने आजारी होतं. आईने त्याच्या लंगोट्या बादलीत खळबळल्या आणि ते पाणी घरापुढच्या खड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, आणि पंपाची विहीर तिथून हाताच्या अंतरावर. त्या आईने वेगळं काय केलं? आपण सगळ्याजणी करतो तेच केलं. दोष पाण्याच्या वाटेत होता.

त्यानंतर चार वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला अशी काही दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगायची वेळ आली. गंमत बघा, गरिबांच्या वस्तीतली माणसं मेली तेव्हा खजिना उघडला नाही, खासदारांच्या नाकाला वास गेल्यावर मात्र पैसे झटपट मंजूर झाले. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखालून विटांच्या मोठमोठ्या गटारी बांधल्या. काम चोख होतं, त्यातल्या बऱ्याच अजून वापरात आहेत. पण त्या गटारी मैला नेऊन टाकायच्या कुठे? शहराच्या पूर्वेला खाली, त्याच नदीत. साफ काहीच करत नव्हते. घाण आपल्या दारातून उचलून खालच्या अंगाच्या लोकांच्या दारात ठेवली, एवढंच. १८७८ मध्ये त्या गटारीच्या तोंडाजवळ प्रिन्सेस अॅलिस नावाची प्रवासी बोट दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. तासाभरापूर्वीच तिथे मैला सोडला होता. सहाशेहून जास्त माणसं त्या पाण्यात गेली, त्यात बायका आणि लेकरं पुष्कळ.

आता प्रश्न उभा राहिला, की वाहून नेणं वेगळं आणि स्वच्छ करणं वेगळं. स्वच्छ कसं करायचं? पहिला उपाय आपल्याला ओळखीचा आहे: तुरटी. चुना, तुरटी, लोखंडाचे क्षार टाकून गाळ खाली बसवायचा. पाणी दिसायला निवळ व्हायचं, पण दोन दिवसांनी पुन्हा कुजायचं, कारण विरघळलेली घाण तशीच राहायची. दुसरा उपाय शेताचा. मैलापाणी शेतात सोडलं की खालून निघणारं पाणी बरंच स्वच्छ असतं, हे शेतकऱ्याला माहीत होतं. पण ते का होतं? माती चाळणीसारखी गाळते म्हणून, की आणखी काही?

याचं उत्तर १८७७ मध्ये फ्रान्समधल्या श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दिलं, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे. त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून मैलापाणी थेंब थेंब सोडत राहिले. वीस दिवस काही झालं नाही. मैला जसा वर जायचा तसा खाली यायचा. मग हळूहळू खालचं पाणी बदललं, उग्र अमोनिया जाऊन त्या जागी खतातलं नायट्रेट यायला लागलं. नुसतं गाळण्याचं काम असतं तर पहिल्या दिवसापासून झालं असतं. वीस दिवस कशाला लागावेत? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. तीच, जिने माणसाला भूल देत. शुद्ध होण्याचं काम थांबलं. वाफ काढून टाकली तरी काम सुरू होईना. शेवटी त्यांनी बागेतली चिमूटभर माती पाण्यात कालवून ते पाणी वरून ओतलं. काही दिवसांत नळी पुन्हा कामाला लागली.

ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी उकळत्या दुधात विरजण घातलंय, तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. दूध फार तापलेलं असेल तर विरजण मरतं, दही लागत नाही. मग शेजारणीकडून चमचाभर आणून पुन्हा लावावं लागतं. नळीतही जिवंत काहीतरी होतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू मैला खात होते.

जंतू म्हटलं की आपण दचकतो. पण जंतूंतही जाती आहेत. कॉलऱ्याचा जंतू वेगळा आणि मैला खाऊन जगणारा वेगळा. हा दुसरा हवा घेतो, घाण खातो, वाढतो, आणि मागे पाणी, वायू आणि थोडे क्षार ठेवतो. नदी स्वतःला स्वच्छ करते असं जुनी माणसं म्हणायची, ती याच्याच जोरावर. फक्त नदीतल्या पाण्यात हवा मोजकी असते. मैला जास्त झाला की हे जंतू खाता खाता सगळी हवा संपवतात, मग मासे तडफडून मरतात आणि पाण्याला सडका वास सुटतो.

इथे एका बाईची ओळख करून द्यायलाच हवी. तिचं नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेली ती पहिली बाई. १८८७ पासून त्या राज्याने आपल्या नद्या, तळी आणि विहिरींची तपासणी काढली. पाण्याचे हजारो नमुने आले आणि ते तपासण्याचं काम एलेनबाईंच्या प्रयोगशाळेत झालं. त्या कामातून एक नकाशा तयार झाला, मिठाचा नकाशा. आपण जे मीठ खातो ते लघवीतून बाहेर पडतं. मीठ कुजत नाही, गाळात बसत नाही, पाण्याबरोबर पुढे पुढे जातं. समुद्राजवळच्या विहिरीत मीठ जास्त असणार, लांबच्या विहिरीत कमी. समुद्रापासून अमुक अंतरावर स्वच्छ विहिरीत किती मीठ असायला हवं, हे एकदा नकाशावर मांडलं की सोपं झालं. त्याहून जास्त मीठ निघालं तर समजायचं, या विहिरीत कुणाच्या तरी संडासाचं पाणी झिरपतंय. याच बाई पुढे गृहविज्ञान हा विषय उभा करणाऱ्यांत आघाडीवर होत्या. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही.

याच राज्यात लॉरेन्स नावाच्या गिरणीगावात १८८७ मध्ये मैलापाण्यावर प्रयोग करणारं केंद्र निघालं. वाळूच्या थरातून मैला गाळायचा, मध्ये मध्ये वाळूला विसावा द्यायचा म्हणजे आत हवा खेळते, हे तिथे नीट मोजून पाहिलं गेलं. इंग्लंडमध्ये कुणी खडीचे मोठे थर रचून त्यावर मैलापाणी शिंपडू लागलं. खडीवर बुळबुळीत साय धरते, तीत जंतू राहतात. या सगळ्या पद्धती चालत होत्या, पण जागा फार खायच्या. मोठ्या शहराला एवढी जमीन आणायची कुठून?

त्याच काळात आपल्या मुंबईत काय होतं, तेही बघू. टोपलीचे संडास आणि डोक्यावरून मैला वाहणारी माणसं. त्यांना सरकारी कागदांत हलालखोर म्हणत, म्हणजे हक्काचं, कष्टाचं खाणारा. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात हलालखोर कर अशा नावाचा करच होता. नाव मोठं सन्मानाचं, काम मात्र जन्माने गळ्यात बांधलेलं. कर घरमालक भरायचा, टोपली ठरलेल्या जातीतली माणसंच उचलायची, आणि त्यात बाया मोठ्या संख्येने.

त्याच मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढणारा पालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ. हे नाव पोवाड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक असेल, मराठी पोवाडे गोळा करून छापणाऱ्यांतला तो एक. तर या आश्रमात मैल्याची बंद टाकी होती, आणि १८९७ मध्ये त्या टाकीत तयार होणारा वायू नळीने घेऊन त्यावर दिवे लावले गेले. ज्यांना गावाने बाहेर काढलं त्यांच्याच मैल्यावर उजेड पडला. जगात असे प्रयोग करणारी ठिकाणं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. आज आपल्या गोठ्यामागे गोबरगॅस आहे, तोही याच प्रकारच्या जंतूंचा. त्यांना हवा चालत नाही, ते बंद टाकीतच काम करतात.

आता मँचेस्टरला जाऊ. वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्या शहराच्या गिरण्यांत गेला आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात आला, तेच हे मँचेस्टर. गिरण्यांमुळे माणसं वाढली, माणसांमुळे मैला. शहराने समुद्रापर्यंत जहाजांसाठी मोठा कालवा खोदला, तो १८९४ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी शहराबाहेर डेव्हीहल्म इथे मैला शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. कालव्याचं पाणी संथ, त्यात घाण सोडली तर ती वाहूनही जायची नाही. त्यामुळे शहराला खरंच चांगला उपाय हवा होता.

तिथले सल्लागार रसायनतज्ज्ञ होते गिल्बर्ट फाउलर. १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले असताना लॉरेन्सच्या केंद्रात गेले. तिथे मैलापाण्याच्या बाटलीत हवेचे बुडबुडे सोडून पाहत होते. परत आल्यावर फाउलरनी डेव्हीहल्ममधल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना असेच प्रयोग करायला सांगितले.

या दोघांनी काय केलं ते नीट ऐका. बाटलीत मैलापाणी घेतलं. बाटलीला बाहेरून तपकिरी कागद गुंडाळला, म्हणजे उजेड लागून आत शेवाळ वाढायला नको. आणि आत हवा फुंकत राहिले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पाच आठवडे! शहराचा मैला कोण पाच आठवडे थांबवून ठेवणार? पण मग त्यांनी एक गोष्ट केली, जी तोवर कुणी केली नव्हती. हवा बंद केली, बाटली स्थिर ठेवली, तळाशी तपकिरी गाळ बसू दिला आणि फक्त वरचं निवळ पाणी ओतून दिलं. गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवीन मैलापाणी घातलं आणि पुन्हा हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा वरचं पाणी ओतलं, पुन्हा गाळ ठेवला. असं करत करत गाळ वाढत गेला आणि वेळ घटत गेला. शेवटी तेच काम एका दिवसाच्या आत, मग काही तासांत व्हायला लागलं.

हे विरजणच की नाही? आपली आजी भांडं पुसून काढताना तळाला चमचाभर दही ठेवायची, ते कशासाठी? तोवर शहरोशहरीचे इंजिनिअर गाळाला घाण समजून आधी फेकून देत होते, आणि कामाचे जंतू तर त्याच गाळात बसलेले. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत आर्डर्न आणि लॉकेटनी हे मांडलं. त्यांनी या गाळाला नाव दिलं, त्याचं मराठी पुस्तकांत सक्रिय गाळ असं भाषांतर करतात. आम्ही आपलं जिवंत गाळ म्हणू. चार महिन्यांनी पहिलं महायुद्ध पेटलं, तरी ही पद्धत थांबली नाही. दोन-तीन वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत असे कारखाने उभे राहिले.

लगोलग पैशाचा खेळही सुरू झाला. एका कंपनीने या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि शहरांकडून पैसे मागितले. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरावर खटला झाला आणि १९३३ मध्ये शहर हरलं. वरच्या कोर्टाने मात्र कारखाना बंद करायला नकार दिला, कारण तो बंद केला तर सगळा मैला सरळ तळ्यात गेला असता, ज्याचं पाणी लोक पीत होते. शेजारणीने दिलेल्या चमचाभर विरजणाचे दरमहा पैसे मागावेत, तसलाच प्रकार.

फाउलर १९१६ मध्ये आपल्या देशात आले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून. इथे त्यांनी याच विषयावर भारतीय विद्यार्थी तयार केले.

आज पुण्या-मुंबईकडे मैला शुद्धीकरण केंद्र असतं, ज्याला लोक एसटीपी म्हणतात, त्याच्या आत हेच चालतं. कधी बघायची संधी मिळाली तर जरूर बघा. नाकाला पदर लावून जाल, आणि दहा मिनिटांत तो पदर खाली येईल, कारण चांगल्या चाललेल्या केंद्रात वास ओल्या मातीसारखा असतो.

पहिल्यांदा मैलापाणी लोखंडी गजांच्या जाळीतून जातं. तिथे अडकतात प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, केसांचे गुंतवळ, आणि मैत्रिणींनो, आपण संडासात टाकलेले पॅड. पुढच्या हौदात पाणी जरा सावकाश वाहतं, तिथे रेती आणि खडे बसतात. मग मोठ्या गोल हौदात दोनेक तास पाणी जवळजवळ थांबतं. जड मैला तळाला जातो, तेलतूप वर तरंगतं. एवढ्याने साधारण एक तृतीयांश घाण कमी होते. मैलापाणी म्हणजे बहुतेक पाणीच असतं, हेही लक्षात घ्या. हजार भागांत घन घाण जेमतेम एक भाग. अवघड आहे ती विरघळलेली.

ती जाते जिवंत गाळाच्या हौदात. तळाशी बारीक भोकांच्या तबकड्या असतात, त्यांतून हवा वर येते आणि सगळा हौद ताक घुसळल्यासारखा खळखळत असतो. रंग काढ्यासारखा तपकिरी. इथे काही तास जंतूंची पंगत बसते. मग पाणी शांत हौदात जातं, गाळ बसतो, वरचं पाणी पुढे जातं आणि गाळाचा मोठा भाग पंपाने मागे, पुन्हा पंगतीत. हा मागे आणलेला गाळ म्हणजेच विरजण. तिथले जाणकार कामगार काचेच्या एक लिटरच्या भांड्यात तो गाळ घेऊन अर्धा तास ठेवतात आणि किती खाली बसला ते पाहतात. भिंगाखाली पाहिलं तर देठावर उलट्या घंटा लावल्यासारखे चिमुकले जीव दिसतात. ते मोकळे सुटे जंतू टिपून खातात आणि पाणी आणखी नितळ करतात. ते भरपूर असले तर तब्येत ठीक आहे. कधी धाग्यासारखे जंतू माजतात, मग गाळ फुगतो आणि खाली बसतच नाही. दह्याला तार सुटते ना, तशी गत.

विरजणाला जपावं लागतं तसं यालाही जपावं लागतं. वीज गेली की हवा बंद, आणि काही तासांत गाळ मरायला लागतो. लोडशेडिंगची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. कुठल्या कारखान्याने चोरून आम्ल किंवा धातूचं विषारी पाणी गटारीत सोडलं तर सगळा गाळ एका रात्रीत मरू शकतो, आणि नवा तयार व्हायला आठवडे जातात. भिंती बांधून, फीत कापून केंद्र चालत नाही ते यामुळे. खालच्या अंगाच्या गावांना हे नदीच्या रंगावरून कळतं, कागदावरून नाही.

पाणी किती शुद्ध झालं ते मोजायचं मापही समजून घेण्यासारखं आहे. त्याला बीओडी म्हणतात. उरलेली घाण खाताना जंतूंना किती हवा लागेल, त्याचा हा हिशोब. म्हणजे पाण्याची हवेची भूक म्हणा. कच्च्या मैलापाण्यात ती लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते. आपल्याकडे नदीत सोडताना ती ३० च्या वर नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. इंग्रजांनी ही चाचणी पाच दिवसांची ठेवली, कारण त्यांच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं, असं सांगतात. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून साडेचौदाशे किलोमीटर चालते, तिला हा हिशोब कसा पुरणार? आपल्याकडे आता ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस करतात, कारण उबेत जंतू भराभर खातात. दही उन्हाळ्यात लवकर लागतं ते याच कारणाने.

या केंद्रातून निघालेलं पाणी पिण्याजोगं नसतं, हे स्पष्ट सांगायला हवं. शेवटी क्लोरीन घालून रोगजंतू मारतात, पण साबणातले आणि लघवीतले खताचे क्षार बरेचसे तसेच राहतात. त्यावर नदीत जलपर्णी माजते. औषधांचे अंश राहतात. मीठ तर राहतंच.

अलीकडे आपल्या शहरांतल्या अनेक केंद्रांत एकाच हौदात पाळीपाळीने सगळं करतात. हौद भरायचा, हवा सोडायची, हवा थांबवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, गाळ ठेवायचा, पुन्हा भरायचा. नवं तंत्रज्ञान म्हणून त्याची जाहिरात होते. नीट पाहिलं तर कागद गुंडाळलेल्या त्या बाटलीचीच ही थोरली बहीण.

आता आपल्या परसातल्या टाकीकडे येऊ. सेप्टिक टाकी १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात गाजली. नाव ऐकून वाटतं सगळी घाण जिरवणारी आहे, पण ती अर्धंच काम करते. गाळ खाली बसतो, थोडा कुजून वायू होतो, बाकीचा साठत जातो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच, म्हणून ते उघड्या गटारीत न सोडता शोषखड्ड्यात सोडायचं, आणि तो खड्डा विहिरीपासून लांब हवा. ब्रॉड स्ट्रीटची विहीर आठवा.

आणि तो कुजताना होणारा वायू. माटुंग्याला त्यावर दिवे लागले, पण बंद टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव तो घेतो. त्यात मिथेन असतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही. दुसरा फार दगाबाज. जास्त झाला की आधी नाकच मारतो, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं आता ठीक आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. जंतूंकडून हे काम करून घेता येतं, हे कळून शंभर वर्षं उलटली. हवा फुंकायला यंत्र आहे, गाळ ओढायला यंत्र आहे. तरी दोनेक हजार रुपये देऊन माणूस उतरवला जातो, आणि तो कुठल्या जातीचा असतो हे आपल्याला विचारावं लागत नाही.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांना हे फार आधी खुपलं होतं. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं. तुरुंगाच्या नियमात उच्च जातीच्या कैद्याला ते काम देत नव्हते. पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचं खत होईल, कुणाला डोक्यावर वाहावं लागणार नाही, अशा संडासांचे प्रयोग केले. देहूचे डॉक्टर मापुसकर याच वाटेवरचे. सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी करता करता त्यांनी गावात घरोघरी संडास नेले आणि मैल्यावर चालणाऱ्या गॅसच्या टाक्या बांधून दाखवल्या. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कायदा काय म्हणतो, तेही टिपून ठेवा. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाची साधनं न देता माणसाला गटारीत किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्याचा, उतरणाऱ्याचा नाही. अशा मृत्यूबद्दल घरच्यांना दहा लाख रुपये द्यावेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये तीच रक्कम तीस लाख केली. खाजगी घराची टाकी असली तरी कायदा लागू आहे.

मग टाकी भरल्यावर करायचं काय? पाइपाने गाळ ओढणारी गाडी बोलवायची. नगरपालिकेकडे ती असते, खाजगीही मिळते. पण गाडीवाल्याला एक प्रश्न विचाराच, की हे ओतणार कुठे. रात्री ओढ्यात ओतलं तर आपण लंडनच्याच पावलावर पाऊल टाकलं. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशकातल्या सिन्नरमध्ये टाकी तुंबायची वाट न बघता ठराविक वर्षांनी गाडी पाठवायची पद्धत बसवली आहे, आणि गाळावर प्रक्रिया करायला जागाही केली आहे. जवळच्या शहराच्या केंद्रात आपल्या गावची गाडी घेतात का, हे ग्रामसभेत ठराव करून विचारता येतं. ज्यांचा संडास अजून बांधायचा आहे त्यांनी सेप्टिक टाकीच्या नादी न लागता दोन खड्ड्यांचा विचार करावा. एक भरला की तोंड दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. उघडाल तेव्हा आत कोरडं, वास नसलेलं खत असतं, फावड्याने काढा आणि शेतात टाका. तिथेही काम जंतूच करतात, फक्त त्यांना सवड द्यावी लागते.

दोन खड्डे किती खोल घ्यायचे, त्यांच्यात अंतर किती सोडायचं आणि काळ्या जमिनीत पाणी मुरत नसेल तर काय करायचं, याचं माप पुढच्या भागात सांगू. त्यासाठी जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा. आणि या आठवड्यात एक काम करा: आपल्या टाकीचं पाणी बाहेर कुठे निघतं ते मागे जाऊन एकदा बघून या.